तुम्ही विचारलंत म्हणून: आरडीला, म्हणजे जुन्या राजदूत 350 ला, यामाहा एफझीचं मागचं चाक बसतं का?

बसतं. लेथ आणि वेल्डिंग हाताशी असेल तर कशालाही काहीही बसतं. राजदूत 350 असो, यामाहाची आरएक्स 100 असो, विचारणारा फोटो आधीच घेऊन आलेला असतो: 140 मिमी रुंद टायर, चौकोनी चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म), मोनोशॉक (मागे एकच शॉकअप). ‘बसेल ना?’ आणि ‘किती होतील?’ एवढे दोनच प्रश्न. माप कुणी विचारत नाही. म्हणून मापांपासून सुरू करतो.

इंजिनाचं पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) जिथे आहे तिथून हलत नाही. बाकी सगळं त्याच्या हिशेबाने लावायचं असतं. 140 च्या टायरची निम्मी रुंदी 70 मिमी. चेन आणि टायरमध्ये निदान 8 मिमी मोकळे हवेत, कारण चेन धावताना फडफडते. त्यात 428 मापाच्या चेनची निम्मी जाडी, 9-10 मिमी. म्हणजे चेनची मध्यरेषा चाकाच्या मध्यापासून 87-88 मिमीवर आली. आरएक्सच्या मूळ 2.75-18 (पावणेतीन इंच रुंद) टायरला हाच हिशेब 52-53 वर थांबतो. कारखान्याने मूळची थोडी जादा जागा सोडलेली असते, ती धरा. तरी उरलेला फरक आणणार कुठून? पुढे ऑफसेट (बाहेर सरकवलेलं) स्प्रॉकेट लावून 5-6 मिमी मिळतात. त्याहून जास्त बाहेर काढलं की आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर लोड येतो आणि ऑइल सील गळायला लागतं. मग ‘चाक जरासं बाजूला घेऊ’ असं म्हटलं जातं. ते घेतलं की पुढचं चाक एका रेषेत, मागचं दुसऱ्या, आणि हात सोडले की गाडी एका बाजूला ओढते. आरडीत आणखी एक भानगड: तिची चेन 530, एफझीची 428. पिच, म्हणजे चेनच्या दोन पिनांमधलं अंतरच वेगळं, त्यामुळे मागचं स्प्रॉकेट नव्याने कापून घ्यावं लागतं.

उंचीचं तर कुणाच्या डोक्यातच येत नाही. आरडीच्या 3.50-18 टायरचा बाहेरचा व्यास साधारण 635 मिमी, 140/60-17 चा 600. मागची बाजू 17-18 मिमी खाली बसते, पुढचा फोर्क पाऊण अंश आडवा होतो आणि वळणात गाडी जड लागते. आरएक्सला मात्र व्यास जवळजवळ जुळतो, 597 ला 600. तिथे अडतं ते रुंदीत.

बेअरिंगचं काम तुलनेने सोपं, पण बिघडतं तिथेच जास्त. 6302 आणि 6004 या दोन्ही बेअरिंगांचा बाहेरचा व्यास 42 मिमी. एकाचं भोक 15, दुसऱ्याचं 20. जाडी 13 आणि 12. म्हणजे 20 च्या एक्सलसाठी हब (चाकाचा मधला भाग) न कापता 6004 बसतं, फक्त लोड थोडा कमी घेतं. दोन्ही बेअरिंग हबमधल्या पायरीला टेकत असतील तर मधल्या पाइपची लांबी तीच ठेवायची, भोक मोठं करायचं; बाहेरचा स्पेसर दर बाजूला 1 मिमी वाढवायचा. हा मधला पाइप अर्धा मिमी जरी आखूड झाला, तरी एक्सल आवळताना आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात. चाक हाताने फिरवलं तर जड लागतं, आणि लोक म्हणतात ‘नवीन आहे, मोकळं होईल’. मोकळं होत नाही. बेअरिंग जातं.

आता ज्यामुळे मी चिडतो ते. टॉर्क रॉड.

ड्रम ब्रेक दाबला की शू ड्रमला धरतात आणि ड्रम पॅनेलला (शू बसवलेल्या स्थिर झाकणाला) सोबत फिरवायला बघतो. त्याला अडवतो तो पॅनेलपासून चिमट्यापर्यंत गेलेला एक साधा रॉड. मागच्या टायरवर 600 न्यूटन ब्रेक लागला, चाकाची त्रिज्या 30 सेंमी धरली, तर 180 न्यूटन-मीटर. रॉडचा बोल्ट एक्सलपासून 9 सेंमीवर असेल तर त्या एका बोल्टवर 2000 न्यूटन, म्हणजे 200 किलोच्या आसपास. दर ब्रेकला. आणि चिमटा बदलताना याची जागा शेवटी ठरते: पावडर कोटिंगला टाकायच्या आदल्या संध्याकाळी 3 मिमी पत्र्याचा तुकडा, दोन बाजूंनी वेल्डिंगचे टाके, वर ग्राइंडर मारून गुळगुळीत. टाक्यातलं जे मांस लोड घेणार होतं तेच ग्राइंडरने गेलं. बोल्टला कॉटर पिन नाही, साधा नट.

रॉडचा हा आधार तुटतो तेव्हा काय होतं ते नीट बघा. पॅनेल चाकाबरोबर फिरतं, त्याची खालची बाजू मागे जाते. ब्रेकचा लिव्हर खाली असेल तर ब्रेक रॉड मागे ताणला जातो, म्हणजे ब्रेक आणखी लागतो, म्हणजे पॅनेल आणखी फिरतं. पायाने पेडल सोडलं तरी सुटत नाही. चाक जाम, मागची बाजू आडवी. डिस्क लावली म्हणून सुटका नाही. कॅलिपरच्या (डिस्क आवळणाऱ्या भागाच्या) ब्रॅकेटलाही चिमट्यावर तोच आधार लागतो. नुसत्या एक्सलच्या आवळण्यावर ब्रॅकेट सोडलेल्या गाड्या रस्त्यावर आहेत.

‘तुम्ही घाबरवता’, असं ऐकून घेतो. घाबरवतोच.

पण एक कबूल करायला हवं. मूळ चिमटा सोडूच नका, हे मी पूर्वी छातीठोकपणे सांगायचो, आणि आता तितक्या जोरात सांगवत नाही. आरडीचा गोल पाइपचा चिमटा 347 सीसी टू-स्ट्रोकच्या ताकदीखाली पिळवटतो, यात वाद नाही. पुढच्या काळातले चौकोनी चिमटे खरंच ताठ आहेत. मात्र चिमटा ताठ झाला की पीळ फ्रेमच्या पिव्हटकडे (चिमटा जिथे जोडलेला असतो त्या सांध्याकडे) जातो, आणि ती प्लेट चाळीस वर्षांची आहे. शिवाय लांब चिमटा लावून शॉकअपची जागा तीच ठेवली, तर 450 चे 490 मिमी होताना चाकाला जाणवणारी स्प्रिंग सुमारे 16 टक्के मऊ पडते. नवी बुशिंग, आतली स्लीव्ह चिमट्याच्या पाइपपेक्षा किंचित लांब, साइड प्ले शिमने (पातळ चकत्यांनी) काढलेला: एवढ्यावर मूळ चिमटासुद्धा पुष्कळ सुधारतो. पुरेसा सुधारतो का, यावर माझं माझ्याशीच अजून भांडण आहे.

कागदांचंही ऐका. आरसीवर व्हीलबेस लिहिलेला असतो, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अशा बदलांनाच लागतं. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस टेप घेऊन येतो तेव्हा हे कलम आठवून उपयोग नसतो.

रुंद टायर हवंच असेल तर आरडीच्या स्वतःच्या ड्रमवर 2.15 इंच रुंद, 18 इंची रिंग बांधा आणि 100/90-18 टाका. व्यास 637, मूळपेक्षा 2 मिमी जास्त. आऱ्या नव्या लागतील, रिंग मध्यावर आणायला दोन-तीन मिमी आऱ्यांतूनच मिळतात. तरीही एफझीचंच चाक घालायचं असेल, तर चिमटा विकत घेण्याआधी चार आकडे लिहून आणा: पिव्हटची आतली रुंदी, पिव्हट बोल्टचा व्यास, पुढच्या स्प्रॉकेटचं फ्रेमच्या मध्यापासून अंतर, आणि टॉर्क रॉड कुठे धरणार ती जागा. चौथा आकडा नसेल तर पहिले तीन नाही आणलेत तरी चालेल.