बॅरलचे पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली : ४१४० आणि ४१६ यांचे छेद

हिंगणा एमआयडीसीतील एका ओळखीच्या टर्नरकडून मिळालेल्या दोन गोल बारांचे आडवे आणि उभे छेद या टप्प्यात सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पॉलिश करून झाले. पहिला बार ईएन-१९ चा, म्हणजे जुन्या ब्रिटिश क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा आहे. अमेरिकी क्रमांकाने पाहिले तर तो जवळपास ४१४० ठरतो. दुसरा ४१६ स्टेनलेसचा. रायफलच्या बॅरलसाठी जगभर मुख्यतः याच दोन घराण्यांतील पोलादे वापरली जातात. आपल्याकडे परवान्याविना बॅरल घडवणे हा गुन्हा आहे आणि तसा हेतूही नाही. कुतूहल आहे ते फक्त धातूच्या रचनेचे.

४१४० मध्ये कार्बन साधारण ०.४० टक्के, क्रोमियम सुमारे १ टक्का आणि मॉलिब्डेनम ०.१५ ते ०.२५ टक्के असते. क्रोमियममुळे जाड बारही आतपर्यंत कठीण होऊ शकतो, तर मॉलिब्डेनम टेंपरिंगनंतरचा (कठीण केलेले पोलाद पुन्हा मंद तापवल्यावर येणारा) ठिसूळपणा रोखते आणि तापलेल्या अवस्थेतही ताकद टिकवते. हा बार हार्डनिंग (तापवून झटपट थंड करणे) आणि टेंपरिंग करूनच आलेला होता. दोन टक्के नायटलने (अल्कोहोलमधील नायट्रिक आम्लाने) एचिंग करताच, म्हणजे रचना दिसावी म्हणून पृष्ठभाग आम्लाने किंचित खाऊ देताच, त्यात टेंपर झालेल्या मार्टेन्साइटची (झटपट थंड केल्याने बनणाऱ्या कठीण रचनेची) बारीक, दाट रचना दिसली. शेजारी मुद्दाम ॲनील करून (तापवून हळूहळू थंड करून) ठेवलेल्या तुकड्यात मात्र फेराइटचे (जवळपास शुद्ध, मऊ लोहाचे) पांढरे आणि पर्लाइटचे (लोह व लोह-कार्बाइडच्या पातळ थरांचे) काळपट कण इतके स्पष्ट वेगळे दिसतात की दोन्ही तुकडे एकाच बारचे आहेत हे पटवून द्यावे लागते. (मे महिन्यात नायटल उघडे ठेवू नये, नागपूरच्या उन्हाळ्यात त्यातील अल्कोहोल पाहता पाहता उडते आणि द्रावणाचे प्रमाण बदलते.)

४१६ वर नायटलचा काहीच परिणाम झाला नाही, आणि हे अपेक्षितच होते. १९१३ मध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली रायफलच्या नळ्यांची झीज कमी करण्यासाठी वेगवेगळी पोलादे तपासत होता. त्यातील सुमारे १२.८ टक्के क्रोमियम असलेला नमुना एचिंगच्या आम्लाला दाद देत नाही, हे त्याच्या लक्षात आले. स्टेनलेस पोलादाची वाटचाल अशी बॅरलच्याच प्रश्नातून पुढे सरकली, याचे मला विशेष अप्रूप वाटते. ४१६ साठी पिक्रिक आम्लाचे द्रावण अनेक जण सुचवतात. परंतु कोरडे पिक्रिक आम्ल स्फोटक असल्यामुळे ते घरात आणणे मी टाळले आणि क्युप्रिक क्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणावर काम भागवले.

खरी गंमत मात्र एचिंगच्या आधीच होती. नुसत्या पॉलिश केलेल्या ४१६ च्या आडव्या छेदात करड्या रंगाचे बारीक ठिपके दिसतात, आणि उभ्या छेदात तेच ठिपके बारच्या लांबीने ओढल्या गेलेल्या रेषा होतात. या मँगनीज सल्फाइडच्या रेषा आहेत. यंत्रकाम सोपे व्हावे, छिलका तुटून पडावा आणि खोल छिद्राचा पृष्ठभाग गुळगुळीत यावा, यासाठी ४१६ मध्ये किमान ०.१५ टक्के गंधक मुद्दाम ठेवलेले असते. मात्र रोलिंगमध्ये या रेषा लांबीच्या दिशेने पसरतात आणि पोलाद बांबूसारखे होते, म्हणजे लांबीने मजबूत, पण उभे चिरायला सोपे. बॅरलचे छिद्र बारच्या लांबीनेच पाडतात. आतून दाब आलेल्या नळीत सर्वांत मोठा ताण परिघाच्या दिशेने, म्हणजे नेमका या रेषांना आडवा पडतो. त्यामुळे केवळ ताणशक्तीचा आकडा पाहून बॅरलचे पोलाद निवडणे मला अपुरे वाटते. आडव्या दिशेतील चिवटपणा आधी पाहिला पाहिजे. ४१६आर हा प्रकार बॅरलसाठीच गंधक कमी ठेवून काढला गेला, त्यामागचे कारण या एका छेदात डोळ्यांना दिसते.

लक्ष्यभेदाच्या बॅरलसाठी ४१६आर मला योग्य वाटते. सतत गोळीबाराने तापणाऱ्या बॅरलसाठी मात्र क्रोम-मॉलिब्डेनम पोलादच बरे. अमेरिकी लष्करी विनिर्देशात ०.५० टक्क्यांच्या आसपास कार्बन असलेले ४१५० आहे ते उगीच नाही. एअर रायफलला हा सगळा काथ्याकूट फारसा लागू होत नाही, कारण तिथे दाबही कमी आणि ज्वालाही नाही.

पुढच्या टप्प्यात ईएन-१९ चा उभा छेद एचिंगविना पाहून त्यातील सल्फाइडच्या रेषांची लांबी ४१६ शी ताडून पाहायची आहे, आणि दोन्ही बारांची रॉकवेल कठीणता एकाच यंत्रावर मोजून घ्यायची आहे.