गुपचूप कशाला करतील बे?

एप्रिल लागला की नागपुरातल्या मानेवाड्याच्या आमच्या पानठेल्यावर रोज रात्री एकच खटला चालतो. आरोपी आयपीएल. आरोप असा की मुंबई आणि चेन्नईला वरून मदत असते, बाकीचे आठ संघ वरातीत नाचायला बोलावलेले. फिर्यादी माझा भाचा. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, बंगळूरूचा कट्टर भक्त, आणि फोनमध्ये पुराव्यांचं अख्खं फोल्डर. बचावाला ठेलेवाला स्वतः उभा असतो. तो चेन्नईचा नाही, धोनीचा आहे. खर्रा घोटता घोटता मान वर न करता विचारतो, "अंबानीची टीम शेवटच्या नंबरावर येते काऊन मंग?"

मला साक्षीदार म्हणून ओढतात, कारण मी स्कोअरर. नोकरी बँकेत, पण हिवाळ्यापासून ऊन तापेपर्यंत सुट्टीच्या दिवशी क्लबच्या सामन्यांना वही घेऊन बसतो. अंपायरनं इशारा केला की हात वर करून 'दिसलं' म्हणायचं. ओव्हर संपली की शेजारच्या स्कोअररला विचारायचं, "किती?" तो म्हणतो चौऱ्याण्णव, माझ्या वहीत पंच्याण्णव, मग पुढची ओव्हर सुरू व्हायच्या आत तो एक रन शोधायचा. बहुतेक वेळा तो लेगबायमध्ये, म्हणजे बॅटला न लागता अंगाला लागून निघालेल्या धावेत, लपलेला असतो. या कामात एक सवय लागते. जे दिसलं ते लिहायचं, जे वाटलं ते नाही. त्यामुळे भाच्याच्या फोल्डरपुढं माझं जमत नाही.

त्याचा लाडका पुरावा टॉसचा. ११ एप्रिल २०२४, वानखेडे, मुंबई विरुद्ध बंगळूरू. नाणं पडलं, मॅच रेफरी जवागल श्रीनाथ यांनी वाकून उचललं, आणि उचलताना उलटवलं अशी एक चित्रफीत देशभर फिरली. दुसऱ्या बाजूनं घेतलेल्या चित्रफितीत तसं काही दिसत नव्हतं, पण ती कोण पाहतो? त्यानंतरच्या सामन्यांत कॅमेरा थेट जमिनीवरच्या नाण्यावर जायला लागला, तर भाचा म्हणे, "बघ मामा, चोरी पकडली गेली म्हणूनच ना!" कॅमेरा नसता तर नाही म्हणून पुरावा, आहे तर आहे म्हणून पुरावा.

मी त्याला त्या रात्रीचा स्कोअर काढायला लावला. बुमराहनं २१ धावांत ५ गडी टिपले. मुंबईनं १९७ चं लक्ष्य १५.३ षटकांत गाठलं. साडेचार षटकं राखून जिंकणाऱ्याला नाण्याची काय गरज पडली असेल? आणि ज्या संघासाठी एवढा खटाटोप केला म्हणतात तो त्या मोसमात दहाव्या, म्हणजे शेवटच्या नंबरावर राहिला. ज्याचं नाणं चोरलं तो बंगळूरू शेवटचे सहा साखळी सामने ओळीनं जिंकून प्लेऑफमध्ये गेला.

टॉसचं गणितही तसं सोपं आहे. एक संघ साखळीत १४ सामने खेळतो. त्यातले दहा किंवा जास्त टॉस हरण्याची शक्यता सुमारे ९ टक्के. ऐकायला कमी वाटतं, पण संघ दहा आहेत. म्हणजे बहुतेक मोसमांत एखादा तरी कप्तान दहावेळा टॉस हरून बसलेला सापडणारच, आणि त्याच्या शहरातल्या प्रत्येक ठेल्यावर नाण्याचं पोस्टमॉर्टम होणार.

नो-बॉलची गोष्ट मात्र मी हसण्यावारी नेत नाही. २८ मार्च २०१९, बंगळूरू. शेवटच्या चेंडूवर ७ धावा हव्या, समोर शिवम दुबे, चेंडू मलिंगाचा. धाव निघाली नाही, मुंबई ६ धावांनी जिंकली, सगळे हात मिळवायला निघाले आणि पडद्यावर दिसलं की मलिंगाचा पाय रेषेच्या चांगलाच पुढं पडला होता. अंपायर एस. रवी यांना तो दिसला नाही. कोहली चिडून बोलला की आम्ही आयपीएल खेळतोय, क्लब क्रिकेट नाही. क्लब क्रिकेटचा स्कोअरर म्हणून मला ते लागलं, पण ते असो.

आता अंपायरच्या जागी उभं राहून बघा. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू हातातून सुटल्यावर फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. तेवढ्यात टाच रेषेच्या आत आहे की बाहेर ते बघायचं, नजर उचलायची, चेंडू कुठं टप्पा पडला ते पाहायचं, बॅटची कड लागली का ते ऐकायचं, आणि हे चाळीस हजार लोक ओरडत असताना. आमच्या मैदानावर ओरडायला दोन कुत्री आणि बारावा गडी असतो, तरी अनुभवी अंपायरची नजर पायावरून लवकर उठते. पायाकडे बघत बसलं तर पायचीत हुकतं, आणि पायचीत हुकलं की जास्त शिव्या पडतात. कटकारस्थान शोधणाऱ्यानं एकदा तरी तिथं उभं राहावं. आयपीएलनं शेवटी केलं काय? २०२० च्या मोसमापासून पायाचा नो-बॉल तिसऱ्या अंपायरकडे दिला. मुंबईला नो-बॉल माफ करायचे असते तर हे काम टीव्हीच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाकडे कशाला दिलं असतं?

त्याच सामन्यात बुमराहचा एक चेंडू चुकीचा वाइड दिला म्हणून जिंकलेला रोहित शर्माही नाराज होता. हे भाच्याच्या फोल्डरमध्ये नाही. २० सप्टेंबर २०२० चा दुबईतला पंजाब-दिल्ली सामनाही नाही. पंजाबच्या ख्रिस जॉर्डनची बॅट क्रीजमध्ये टेकलेली होती, पण अंपायर नितीन मेनन यांनी शॉर्ट रन दिला, म्हणजे धाव पुरी झाली नाही असं ठरवलं. बोटांची टोकं खांद्याला लावायचा तो इशारा. आमच्याकडं वर्षातून एखादवेळा होतो, त्यामुळे नवखा स्कोअरर गोंधळतो. तो एक रन कापला गेला, सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरमध्ये दिल्ली जिंकली, आणि पंजाब पुढं प्लेऑफला मुकला. मलिंगाच्या नो-बॉलपेक्षा ही चूक महाग पडली असेल. पण दिल्लीवर कुणाची मेहरबानी आहे असं कुणी म्हणत नाही, म्हणून ती चूक 'चूक' म्हणूनच विसरली गेली. चूक मुंबईच्या बाजूनं झाली की ती स्क्रिप्ट.

धोनीचं नाव काढलं की ठेलेवाल्याचा हात थांबतो, तरी सांगतो. ११ एप्रिल २०१९, जयपूर. चेन्नईची बॅटिंग, राजस्थानच्या बेन स्टोक्सचा कमरेवरचा फुलटॉस. बॉलरच्या टोकाला आपल्या विदर्भाकडून खेळलेले उल्हास गंधे अंपायर. त्यांचा हात नो-बॉलला गेला, स्क्वेअर लेगच्या ऑक्सनफोर्ड यांनी नाही म्हटलं, निर्णय फिरला, आणि बाद होऊन बाहेर बसलेला धोनी चक्क मैदानात चालत आला. दंड झाला सामन्याच्या मानधनाच्या निम्मा. चेन्नई शेवटच्या चेंडूवर जिंकली. आमच्या लीगमध्ये बाद झालेला माणूस आत येऊन अंपायरशी वाद घालू लागला, तर त्याला पुढचे काही सामने घरी बसवतात. हा किस्सा मला खरा पुरावा वाटतो, पण कशाचा? मोठ्या माणसापुढं नियम जरा वाकतो याचा. आणि तो वाकला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

माझं म्हणणं हेच आहे. गुपचूप कशाला करतील बे? जे करायचं ते उघड्यावर करता येतं.

२००८ मध्ये आयपीएल सुरू झाली तेव्हा चेन्नईचा संघ इंडिया सिमेंट्सचा, आणि त्या कंपनीचे एन. श्रीनिवासन भारतीय क्रिकेट मंडळाचे, म्हणजे बीसीसीआयचे, पदाधिकारी. पदाधिकाऱ्याचा मंडळाच्या सामन्यांत धंद्याचा संबंध नको असा मंडळाच्या घटनेत नियम होता, ६.२.४ क्रमांकाचा. तो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बदलून आयपीएलला त्यातून सूट दिली. अंधारात नाही, रीतसर. श्रीनिवासन पुढे मंडळाचे अध्यक्षही झाले. ती दुरुस्ती मोडीत निघाली २२ जानेवारी २०१५ ला, सर्वोच्च न्यायालयात, तेही २०१३ च्या सट्टेबाजीच्या प्रकरणात त्यांचे जावई गुरुनाथ मय्यप्पन यांचं नाव आल्यावर. त्याच जुलैत न्यायालयानं नेमलेल्या लोढा समितीनं चेन्नई आणि राजस्थानच्या मालकांना दोन वर्षांसाठी बाहेर काढलं. सहा वर्षांहून जास्त काळ तो बदललेला नियम फायलींत, सगळ्यांसमोर होता. त्यावर ठेल्यावर कोण बोललं? आम्ही तेव्हा पिच कुणाला सूट होतं यावर भांडत होतो.

दुसरं उदाहरण ताजं आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडून पाच वर्षं झालेला भारतीय खेळाडू 'अनकॅप्ड', म्हणजे देशाकडून न खेळलेला धरायचा, हा जुना नियम मंडळानं मध्ये काढून टाकला होता. २०२५ च्या मोसमासाठी तो परत आणला, आणि चेन्नईनं धोनीला अवघ्या ४ कोटींत राखून घेतलं. दोन वर्ल्डकप जिंकून देणारा कप्तान, कागदोपत्री अनकॅप्ड! ठेलेवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मंग काय झालं भाऊ, धोनी आहे तो." यालाच मेहरबानी म्हणतात, आणि ती प्रेस नोट काढून केली होती.

वेळापत्रकाचंही तसंच. दहा संघ, पण प्रत्येकाचे सामने १४. म्हणजे पाच संघांशी दोनदा, चौघांशी एकदा. कुणाशी दोनदा ते कुणीतरी ठरवतं. २०२२ मध्ये जेतेपदं आणि अंतिम सामने मोजून संघांना क्रम दिले आणि गट असे पाडले की मुंबई-चेन्नई दोनदा भिडणारच. टीव्हीवाल्यांना तेच हवं. २०२४ मध्ये मात्र ते एकदाच भिडले. कुणाच्या वाट्याला दुबळा संघ दोनदा आला याचा हिशोब गुणतक्त्यात दिसत नाही, पण चौथ्या जागेची लढाई एका सामन्यावर ठरते तेव्हा तो लागतो.

आणि टीव्हीवाले कोण? २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. त्यातले भारतातले डिजिटल हक्क व्हायाकॉम१८ नं घेतले, ही रिलायन्सच्या गोतावळ्यातली कंपनी. मुंबई इंडियन्सही रिलायन्सचीच. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टारशी विलीनीकरण झाल्यावर टीव्हीही त्याच छत्राखाली आला. त्यामुळे अंपायरला फोन जातो असं मी म्हणत नाही. तशी गरजच नाही. रिप्ले कुठला किती वेळा दाखवायचा, कॉमेंट्रीत कुणाची किती स्तुती होते, रविवारी संध्याकाळी कुणाचा सामना, हे सगळं प्रक्षेपण करणाऱ्याच्या हातात किंवा हाताजवळ असतं. एका संघाचा मालक आणि दाखवणारा एकाच घरातला, हे आमच्या गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धेतही चालू देत नाहीत.

पण याच लीगचे निकाल काय सांगतात तेही वहीत लिहावं लागतं. लिलावासाठी प्रत्येकाला सारखीच थैली, २०२५ ला १२० कोटी. मुंबई २०२२ आणि २०२४ मध्ये तळाला, चेन्नई २०२५ मध्ये तळाला. कोहलीइतका तिकीट खपवणारा दुसरा कोण, आणि त्याला पहिली ट्रॉफी मिळाली अठराव्या मोसमात. भाच्याला हे विचारलं तर म्हणाला, "मामा, तुला नाही कळत. जिंकवणं नाही, सस्पेन्स ठेवणं हे स्क्रिप्ट." म्हणजे मुंबई जिंकली तरी स्क्रिप्ट, हरली तरी स्क्रिप्ट. ज्या आरोपाला कुठलाही निकाल चालतो तो खोडून तरी कसा काढायचा? ३ जून २०२५ ला बंगळूरू जिंकली त्या रात्री स्क्रिप्ट नव्हतं बरं का. ती मेहनत होती, आणि आपल्या अमरावतीच्या जितेश शर्माचा वाटा होता.

त्या फायनलवरून आठवलं. ती कोलकात्याला होणार होती. मे महिन्यात स्पर्धा मध्येच थांबली, नंतर पुन्हा सुरू झाली, आणि फायनल पावसाचं कारण देऊन अहमदाबादला नेली. तिथं दुसऱ्या क्वालिफायरला पावसानंच दोन तासांहून जास्त उशीर केला. कुठलं मैदान कुणाला मिळतं हा प्रकार आम्हा नागपूरकरांना नवा नाही. २०१० मध्ये तेलंगणाच्या आंदोलनामुळं डेक्कन चार्जर्सचे काही सामने जामठ्याला आले, म्हणून आम्ही घरच्या मैदानावर आयपीएल पाहिली. २०१६ ला पंजाबनं नागपूरला दुसरं घर केलं होतं, पण दुष्काळात मैदानाला पाणी नको म्हणून उच्च न्यायालयानं एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले. त्यात पक्षपात नव्हता, निर्णय मला पटलाही. पण विदर्भ तीनदा रणजी जिंकला तरी जामठ्याला आयपीएल कुणाच्या तरी अडचणीमुळंच येते, हेही खरं.

मला हवं ते फार नाही. मॅच रेफरीचा अहवाल आणि अंपायरांना दिलेले गुण मोसम संपल्यावर तरी छापावेत, आणि कोण कोणाशी दोनदा खेळणार याच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढाव्यात. आमच्या लीगमध्ये हरलेल्या क्लबचा मॅनेजर संध्याकाळी येतो, दोन्ही वह्या मागतो, चहा घेत एकेक ओव्हर तपासतो, बेरीज जुळली की वह्या परत देऊन स्कूटरला किक मारतो. पंजाबनं २०२० मध्ये त्या शॉर्ट रनची तक्रार मॅच रेफरीकडे केली होती. निकाल होता तसाच राहिला, आणि आतमध्ये काय लिहिलं गेलं ते आपल्याला कुणी दाखवलं नाही.