घरबसल्या फ्लोअरचे गुण : फेरारी प्रकरण

जिम्नॅस्टिक्सचे व्हिडिओ बघून स्वतः गुण लावायचा माझा सराव चाललाय. त्यात बीम (अरुंद उंच पट्टीवरच्या कसरती) तूर्त बाजूला ठेवलाय. सध्या फक्त फ्लोअर (जमिनीवरच्या चटईवरच्या कसरती), आणि त्यातही इटलीची व्हेनेसा फेरारी. गुण लावायचा सराव करायला तिच्यासारखी दुसरी जिम्नॅस्ट मला तरी सापडली नाही. तिच्या कारकिर्दीतले अर्धे निकाल दशांशाच्या पुढच्या आकड्यांवर लागलेत.

पद्धत नेहमीचीच. गुणफलक दिसायच्या आधी व्हिडिओ थांबवायचा, कागदावर कपात मांडायची (लहान चूक 0.1, मध्यम 0.3, मोठी 0.5, पडली तर 1) आणि मग खरा ई स्कोअर (दहातून कपात वजा करून उरलेले सफाईचे गुण) बघायचा. दुहेरी उड्यांचं लँडिंग आता बऱ्यापैकी जमतंय. लीपमध्ये (हवेत झेप घेताना) पाय पूर्ण 180 अंश उघडले की नाही, हे मात्र कॅमेरा तिरका असला की अजून डोक्याला ताप देतं.

2006, ऑरहूस. दहापैकी गुण देणं बंद झाल्यानंतरची ही पहिली जागतिक स्पर्धा. ब्रेशियात एन्रिको कासेल्लांच्या हाताखाली तयार झालेली फेरारी, वयाची सोळा वर्षंही पुरी नाहीत, बीमवरून पडते आणि तरी 61.025 घेऊन ऑलराउंड (चारही उपकरणांची बेरीज) जिंकते. दुसरी आलेली जाना बीगर 60.750. पडूनही विश्वविजेती कशी, यावर तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली. माझं मत सरळ आहे : पडण्याची कपात तेव्हा 0.8 होती, ती झाली, आणि उरलेल्या कामाचे गुण तिने मिळवले.

आता लंडन 2012. फ्लोअर फायनल, रशियाची आलिया मुस्तफिना 14.900, फेरारी 14.900. दोन्ही रूटीन (ठरवलेल्या कसरतींची मालिका) लागोपाठ लावून बघा. फेरारीचा डी स्कोअर (अवघडपणाचे गुण) जास्त, मुस्तफिनाचा ई स्कोअर जास्त, बेरीज तीच. ऑलिंपिकच्या नियमाने बरोबरी ई स्कोअरवर सुटते, म्हणून कांस्य मुस्तफिनाला आणि फेरारी चौथी. याआधी 2007 ला श्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत ऑलराउंडमध्ये हीच फेरारी जेड बार्बोसाबरोबर कांस्य वाटून घेऊन गेली होती! लंडनचं रूटीन मी मुद्दाम हळू लावून पाहिलं. अवघड उड्या घ्यायच्या म्हणजे लँडिंगला पाऊल सरकणारच, आणि ती पावलं एकेक करून मोजायला लागलं की जीव तुटतो.

2013 ला अँटवर्पच्या जागतिक स्पर्धेत फ्लोअरवर सिमोन बाइल्सच्या मागे रौप्य. रिओ ऑलिंपिकमध्ये पुन्हा चौथी. 2017 ला मॉन्ट्रियलच्या फायनलमध्येच अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) तुटला. तिशीकडे झुकलेली जिम्नॅस्ट, संपली म्हणायला हरकत नव्हती.

टोकियोचं रूटीन सगळ्यात जास्त वेळा पाहिलं. 2 ऑगस्ट 2021 : जेड कॅरी 14.366, फेरारी 14.200, आणि मेल्निकोवा व मुराकामी दोघी 14.166. फेरारीचा ई स्कोअर 8.300, त्या दोघींचा 8.266. तेव्हा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून मधल्या तिघा पंचांची सरासरी काढत. म्हणजे त्या तिघांपैकी एकानेच 0.1 जास्त कापला असता, तर सरासरी 0.033 ने उतरली असती आणि तीही 14.166 वरच येऊन बसली असती. मेल्निकोवा-मुराकामीचे डी आणि ई दोन्ही सारखे, त्यामुळे बरोबरी सुटलीच नाही आणि कांस्य दोघींना. लंडनमध्ये बरोबरीने जिचं पदक नेलं, तिला इथे पंचाच्या एका दशांशाने रौप्य दिलं. 1928 च्या सांघिक रौप्यानंतर इटलीच्या महिलांचं आर्टिस्टिकमधलं हे पहिलं ऑलिंपिक पदक.

पुढचा अभ्यास पॅरिस 2024 : आलिचे दामातोचं बीमचं सुवर्ण, गुण 14.366. आकडा कॅरीचाच, गंमत म्हणून. तिथे जोडण्यांचे (न थांबता सलग केलेल्या कसरतींचे) बोनस धरायचे आहेत, आणि थांबा कुठे झाला हे ठरवण्यातच माझी गाडी अडकते. कुणी बीमच्या जोडण्या वेगळ्या रकान्यात मांडत असेल, तर कसं ते सांगा.