तोंडात आलेला शब्द

काल स्टो-ऑन-द-वोल्ड या इंग्लंडमधल्या गावाला गेले होते. सेंट एडवर्ड्स चर्चच्या आवारातून आईला व्हिडिओ कॉल लावला. उत्तरेचं दार दाखवायचं होतं तिला, यूच्या दोन जुन्या झाडांचे बुंधे चौकटीला अगदी खेटून आहेत ना, ते. तेवढ्यात फोन लढाईच्या स्मारकाच्या दगडाकडे वळला.

"हे कुणाचं गं?"

"इंग्रजांची भाऊबंदकी," मी म्हणाले. "राजा एकीकडे, संसद दुसरीकडे."

आई गप्प झाली. मग म्हणाली, "स्वेटर घातलायस ना?"

बरोबर शब्द होता यादवी. शाळेत पाठ केलेला. पण घरात वर्षभर जो घोळतोय तोच तोंडात आला. वाटणीबद्दल मी आजवर अवाक्षर काढलेलं नाही, तरी 'लांब राहून तुला काय कळतं' हे ऐकायचं मीच. आणि एक शब्द निसटला तर त्याची बोचणीही मलाच. मला कुणी विचारलं का, की तुला त्या घरातलं... जाऊ दे.

रात्री झोप येईना. पुन्हा पुन्हा तेच, भाऊबंदकी का म्हणाले मी?

२१ मार्च १६४६. पहिल्या यादवीतली ही शेवटची लढाई. ऑक्सफर्डला राजाकडे निघालेली फौज संसदेच्या सैन्यानं स्टोजवळ गाठली आणि शेवट गावच्या चौकात झाला. कैदी याच चर्चमध्ये कोंडले. डिग्बेथ स्ट्रीटच्या उतारावर इतकं रक्त वाहिलं की बदकं त्यात डुंबली, असं गावात सांगतात. व्हर्नी घराण्यात तर बाप राजाचा ध्वज धरून १६४२ साली एजहिलच्या लढाईत पडला आणि थोरला मुलगा संसदेच्या बाजूला. याला दुसरं काय म्हणायचं?

राजाचा हरलेला सेनापती जेकब अ‍ॅस्टली, वय ६६-६७. शस्त्रं खाली ठेवून एका ढोलावर बसला आणि जिंकलेल्यांना म्हणाला, तुमचं काम झालं, आता खुशाल खेळा. आपसात भांडला नाहीत तर. दोन वर्षांत पुन्हा लढाई पेटली.

तो ढोलावर बसलेला म्हातारा डोळ्यांपुढून हलत नाही. शेवटच्या उन्हाळ्यात आबा अंगणातल्या बाजेवर असेच बसायचे, हात गुडघ्यांवर. "मी आहे तोवर ठीक," म्हणायचे. दादाला आठवत असेल का ते?

आईला राग आला नसावा. तिच्याही मनात दिवसभर तोच शब्द असणार, माझ्या तोंडून ऐकायची तयारी नव्हती इतकंच. आता तो बोलून झालाय. परत घेता येत नाही, आणि आज सकाळी वाटतंय, घ्यायचाही नाही.

तिला दाराचा फोटो पाठवला होता. आत्ता उत्तर आलं: "दादालाही पाठवलाय. झाडं एवढी चिकटून, भिंतीला ओल येत नाही का, विचारतोय."

मला दिसली नाही, असं कळवलं. थेट त्यालाच.