१६ फुटी गेली, २२ फुटी आली

बोट विकायचा माझा काडीचाही विचार नव्हता. मे महिन्यात ती नुकतीच पाण्यात उतरवली होती, तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून नवा रंग दिला होता, बांगड्यांचा हंगाम तोंडावर आला होता. आणि जून संपायच्या आत ती विकून मी तिच्याहून सहा फूट लांब बोट घेऊन बसले आहे. घरी फोनवर ही बातमी सांगितल्यापासून काका, मामा, आत्या सगळ्यांचे प्रश्न सुरू आहेत: ही चैन कशाला, चालवतो कोण? म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

नॉर्वेतल्या स्टाव्हांगरला, म्हणजे आम्ही राहतो तिथे, बोट म्हटलं की आपल्याकडच्या लोकांच्या डोळ्यांसमोर जे पांढरंशुभ्र जहाज येतं, ते आधी डोक्यातून काढा. नॉर्वेचा किनारा फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या खोल खाड्या, आणि बेटं धरून मोजला तर एक लाख किलोमीटरच्या वर भरतो. इथे शाळेतल्या शिपायाकडे बोट असते, नर्सकडे असते, बसचालकाकडे असते. माझी जुनी बोट १६ फुटी, उघडी, फायबरची, मागे बाहेरून बसवलेलं ४० हॉर्सपॉवरचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. सेकंडहँड घेतलेली. आणि हो, चालवते मीच. २५ हॉर्सपॉवरच्या वर इंजिन असेल आणि तुमचा जन्म १९८० किंवा त्यानंतरचा असेल, तर इथे परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. नवऱ्याने तो काढलेला नाही, मी काढलेला आहे. "चालवतो कोण?" हा प्रश्न आता पुन्हा विचारू नये ही विनंती.

झालं असं की आमच्या बोटक्लबाचं वसंतातलं श्रमदान होतं. वर्षातून ठरलेल्या दिवशी सगळ्या सभासदांनी येऊन काम करायचं असतं. धक्क्याच्या कुजलेल्या फळ्या बदलताना माझ्या शेजारी स्क्रू काढत बसलेल्या बाईंनी सहज विचारलं, "तुझी बोट विकतेस का?" त्यांची नात १६ वर्षांची झाली होती, परवाना हातात आला होता, आणि आजीला तिच्यासाठी साधी, हलकी, भरवशाची बोट हवी होती. माझी बोट त्या रोज येता-जाता बघत होत्या. मी घेतली होती तेवढीच किंमत त्यांनी स्वतःहून सांगितली. मी घरी विचारून सांगते म्हटलं, तर म्हणाल्या, "सावकाश सांग, फळ्या अजून पुष्कळ आहेत."

संध्याकाळी नवरा म्हणाला, "विकून टाक. जुलैत आई-बाबा येताहेत. मागच्या वेळचं आठवतंय ना?"

आठवत होतंच. मागच्या वेळी आईला बोटीत उतरवताना दोघांनी दोन्ही हात धरले होते. धक्का वर, बोट खाली, मध्ये पाण्याची फट, आणि तिचे गुडघे. कशीबशी बसली. आठ मीटरपेक्षा लहान बोट चालू असताना बाहेर बसलेल्या प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालायचं हा इथे २०१५ पासून कायदा आहे. त्या नारिंगी जॅकेटवरून तिने शाल गुंडाळली होती. खाडीच्या बाहेर पडलो तर समोरून वारा, प्रत्येक लाटेचा फवारा थेट तिच्या तोंडावर. अर्ध्या तासात परत फिरलो. ती एका शब्दाने कुरकुरली नाही, उलट "छान होतं गं" म्हणाली. पण परत बोटीत बसायचा विषय तिने काढला नाही. तेव्हाच मनात आलं होतं की आईला बसवायची तर छप्पर हवं.

म्हणून काकांना सांगायचं आहे की ही चैन नाही. आम्ही इथे मोठी गाडी घेतलेली नाही, सुट्टीत स्पेनला जात नाही, सगळे जातात तसं डोंगरात लाकडी घरही घेतलेलं नाही. आठवडाभर ऑफिसात बसल्यावर शनिवारी जे काही करतो ते या पाण्यावर. उन्हाळ्यात रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो. जेवून निघालं तरी दोन तास समुद्र मिळतो. हा खर्च आम्ही दोघांच्या पगारातून, हिशोब मांडून केलेला आहे.

विक्री एका संध्याकाळी झाली. छापील करारनाम्याच्या दोन प्रती, त्यात बोटीचा चौदा अक्षर-आकड्यांचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि इंजिन किती तास चाललंय ते. आजींनी त्याआधी ब्रोन्नयसुंदच्या सरकारी नोंदवहीत बोटीवर कुणाचं कर्ज आहे का ते बघून घेतलं होतं. पैसे बँकेतून आले, मी किल्ली दिली. नात लगेच इंजिन सुरू करून धक्क्यापासून बोट मागे घेऊ लागली. शेजारच्या बोटींना न घासता तिने ती अशी काही वळवली की मला तिचं कौतुक वाटलं आणि पोटात कालवलंही.

मोठी बोट हाउगेसुंदला मिळाली. २२ फुटी, पुढे काचांची केबिन, १५० हॉर्सपॉवर. बोट घेताना रंग आणि गाद्या बघू नयेत, गियरचं तेल बघावं. आउटबोर्डच्या खालच्या भागातला स्क्रू थोडा सैल केला की तेलाचे थेंब येतात. ते स्वच्छ असेल तर ठीक, दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी आत शिरतंय. मी गुडघे टेकून थेंब बोटावर घेतला, उजेडात धरला, अंगठ्याने चोळला. स्वच्छ, किंचित हिरवट. विकणारे गृहस्थ शेजारी उभे राहून मान डोलावत होते. मग त्यांनीही हिशोबाची वही काढली. दर वर्षी पंप कधी बदलला, जस्ताचे ठोकळे कधी लावले, सगळं तारखेसह. अशी वही असलेल्या माणसाशी मला घासाघीस करावीशी वाटली नाही, तरी थोडी केली.

येताना बोट समुद्रातूनच आणली. कार्मसुंदच्या सामुद्रधुनीत वाऱ्याचा पत्ता नव्हता. स्कुडेनेसहाव्हन मागे पडलं आणि बोक्नाफ्योर्डचं उघडं तोंड आलं, तिथे पश्चिमेकडून लांब, संथ लाटा येत होत्या. बोटीवरच्या पाटीवर सी वर्ग लिहिलेला आहे, म्हणजे ब्यूफोर्ट या वाऱ्याच्या मापावर सहापर्यंतच्या वाऱ्याला आणि दोन मीटरच्या लाटेला ती बांधलेली. त्या दिवशी लाट त्याच्या निम्मीही नव्हती. पण जुन्या बोटीतून मी हे पाणी ओलांडायचं धाडस कधी केलं नसतं. उजवीकडे क्वित्सोयचा दीपस्तंभ दिसत राहिला, केबिनमध्ये नवरा कोरडा बसून चिवडा खात होता, आणि मला फार, फार अभिमान वाटत होता.

आणि मग धक्क्यावर तो नियम आडवा आला.

आमच्या क्लबात प्रत्येक बोटीची जागा रुंदीवर ठरते. दोन लोखंडी आडव्या दांड्यांच्या मध्ये बोट उभी करायची. माझी जागा अडीच मीटरची. नवी बोट अडीच मीटरच्या किंचित वर, शिवाय बोट घासू नये म्हणून दोन्ही बाजूंना बांधायच्या फुग्यांसाठी जागा सोडावी लागते. म्हणजे तीन मीटरची जागा हवी. खरेदीआधीच मी अर्ज केला होता, आणि जुनी जागा सोडते आहे म्हटल्यावर मोठी मिळेल असं मी धरून चालले होते. उत्तर आलं की तीन मीटरच्या रांगेत तुमचा नंबर शेवटचा, आणि पुढे पुष्कळ जण आहेत. म्हटलं, वाढीव पैसे देते. त्यावर उत्तर, पैसे सगळेच देतात. म्हटलं, या धक्क्याच्या फळ्या मी स्वतः बसवल्या आहेत. उत्तर, सगळ्यांनीच बसवल्या आहेत. धक्क्यावर तीन मीटरच्या दोन जागा तेव्हा रिकाम्या होत्या! मालक उन्हाळाभर उत्तरेला गेलेले. त्या तरी द्या म्हटलं, तर ते मालकाने सांगायला हवं, आम्ही कसं देऊ.

मला राग आला, आणि तो बरेच दिवस टिकला. नियम माणसांसाठी असतात असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्याकडे मला कुणीतरी ओळखीचं सापडलं असतं, दोन फोन झाले असते, कुणीतरी म्हणालं असतं, "लावा हो ताई, बघू नंतर." हर्णैच्या बंदरात दाटीवाटीने लागलेल्या होड्या बघा. एकीवरून दुसरीवर पाय टाकत लोक जातात, नवी आली की सगळ्या थोड्या सरकतात. वादळाचा बावटा लागला की कुणाची होडी कुणी वर ओढायची असं नसतं, सगळा कोळीवाडा दोराला हात लावतो. ते माणुसकीचं बंदर आहे, असं मी क्लबातल्या एकाला ऐकवलंसुद्धा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ज्याची ओळख नसते तो बोट कुठे लावतो?"

मला उत्तर देता आलं नाही. मी या गावात आले तेव्हा माझी कुणाशीही ओळख नव्हती. नॉर्वेजियन धड बोलता येत नव्हतं. तरी अडीच मीटरच्या रांगेत माझं नाव गुपचूप वर सरकत गेलं आणि एक दिवस जागा मिळाली. कुणी मध्ये घुसलं असतं तर मला कळलंही नसतं. हे सगळं मला पटतं. तरीही रिकामी जागा डोळ्यांसमोर असताना बोट दूरच्या खासगी मरीनात, म्हणजे बोटी ठेवायच्या भाड्याच्या बंदरात, दुप्पट भाड्याने ठेवायला लावणं मला आजही योग्य वाटत नाही. रांग पाळा, पण रिकामी जागा वापरायची सोय तरी करा. हा प्रस्ताव मी शरदातल्या सभेत लेखी मांडणार आहे.

सुटका केली ती क्लबातल्या एका आजोबांनी. खुब्याचं ऑपरेशन झाल्यामुळे या वर्षी त्यांची बोट आवारातच ताडपत्रीखाली राहिली होती. माझी अडचण त्यांनी कुणाकडून तरी ऐकली, आणि काठी टेकत क्लबात जाऊन आपली साडेतीन मीटरची जागा या हंगामापुरती माझ्या नावे लिहून दिली. मालकाने सांगितलं, म्हणून क्लबाचीही काही हरकत नव्हती. मी भाडं विचारलं तर म्हणाले, क्लबाची वर्गणी तेवढी भर. मग म्हणाले, आणि माझ्या बोटीवरची ताडपत्री वाऱ्याने सुटली तर बांधत जा. ती मी दर शनिवारी बघते. दोर सैल पडला असला की तो पुन्हा ओढून गाठ मारते.

ताडपत्रीवरून आठवलं. बाबा मूळचे देवगडचे. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांखाली ठेवलेल्या असतात. इथे नेमक्या त्याच दिवसांत प्रत्येक बोट पाण्यात आणि हिवाळ्यात झाकून ठेवलेली. बाबांना हे उलटं वेळापत्रक फार आवडलं. "आपल्या बोटी झोपल्या की तुमच्या उठतात," म्हणाले.

दोघांना ल्यूसेफ्योर्डमध्ये नेलं. आई धक्क्यावरून पायरीवरून चालत बोटीत आली, एकच हात धरून, आणि केबिनमध्ये गादीवर पाय वर घेऊन बसली. प्राइकेस्टूलेनचा कडा ६०४ मीटर सरळ वर जातो. लोक दोनेक तास चढून वरून खाली बघतात, आम्ही खालून वर बघितलं. वरची माणसं ठिपक्यांएवढीही दिसत नव्हती. परतताना पिसांच्या गळांची दोरी टाकली तर एका खेपेत चार बांगडे. हा बांगडा आपल्याहून लांबट, पाठीवर वेड्यावाकड्या काळ्या रेघांचा आणि जास्त तेलकट. आईने घरी त्याचं तिरफळ घालून तिखलं केलं आणि निर्णय दिला की चव आपल्या बांगड्याची नाही, पण ताजेपणा देवगडच्या तोडीचा. तिरफळं तिने येताना बॅगेतून आणली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच विचारलं, आज वारा कसा आहे?

आता राहिला काकांचा प्रश्न, की पुढच्या वर्षी आजोबांची बोट पाण्यात आली तर काय करणार. आजोबांनी लवकर बरं व्हावं आणि आपली बोट उतरवावी, असंच मला वाटतं. तळाला रंग द्यायला मी जाणार आहे. रांगेत माझं नाव दोन घरं वर सरकलं आहे. तोवर खासगी मरीनाचं भाडं भरावं लागलं तर भरेन, त्यासाठी दर महिन्याला बाजूला टाकायला सुरुवातही केली आहे. ही बोट मात्र कुणी सहज विचारलं तरी विकणार नाही.