हॅरेम ॲनिमेत कुणी कुणाला विचारतच नाही

जपानी टीव्हीच्या वेळापत्रकात २५:३० अशी वेळ छापलेली असते. म्हणजे मध्यरात्र उलटून गेल्यावरचा दीड. टोक्योत राहायला आल्यावर भाषा कानावर पडावी म्हणून मी या वेळेचे ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, बघू लागले, आणि त्यातले कितीतरी हॅरेम प्रकारातले निघाले. एक साधासुधा मुलगा, त्याच्याभोवती चार-पाच मुली, सगळ्या त्याच्यावर जीव टाकणाऱ्या. पुण्याची माझी भाची हल्ली फोनवर याच मालिकांबद्दल विचारते. तिच्या कॉलेजातली मुलं म्हणे या बघून 'जपानमध्ये पॉलिॲमरी सर्रास चालते' असं सांगतात. पॉलिॲमरी म्हणजे सगळ्यांच्या संमतीने एकाच वेळी अनेकांशी प्रेमसंबंध. तिला द्यायचं उत्तर लांबत गेलं, म्हणून इथे लिहिते.

आधी कायद्याचं सांगून टाकते. जपानच्या नागरी संहितेचं कलम ७३२ लग्न झालेल्या माणसाला दुसरं लग्न करू देत नाही, आणि दंडसंहितेच्या कलम १८४ प्रमाणे त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कुटुंबाची नोंद ज्यात होते त्या 'कोसेकी'त जोडीदाराची जागा एकच. नवऱ्याचं किंवा बायकोचं बाहेर प्रकरण असेल, तर त्या तिसऱ्या माणसाकडूनही भरपाई मागता येते. तेव्हा सर्रास वगैरे काही नाही. चारचौघांसारखं एकास एकच इथेही चालतं.

मग पडद्यावर हे काय असतं? माझ्या मते बहुतेक हॅरेम मालिकांत अनेकांवरचं प्रेम नसतंच. एका निर्णयाला घाबरणारा मुलगा असतो आणि तो निर्णय लांबवण्यात शंभर भाग जातात.

हे समजायला इथली 'कोकुहाकु'ची पद्धत माहीत हवी. जपानमध्ये दोघांचं जमतं ते हळूहळू, नकळत असं फारसं नाही. कुणीतरी एकाने समोर उभं राहून 'तू मला आवडतोस, आपण जोडीने राहू या' असं स्पष्ट म्हणायचं असतं. समोरचा हो म्हणाला की त्या दिवसापासून जोडी. माझ्याबरोबर काम करणाऱ्या तरुण मुलीसुद्धा एखाद्याबरोबर चार वेळा जेवायला जाऊन आल्यावर म्हणतात, 'अजून त्याने कोकुहाकु केलेलं नाही', म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही. हॅरेमची सगळी कथा या न ठरलेल्या काळात राहते. मुलगी बोलायला तोंड उघडते आणि नेमकी आगगाडी धडधडत जाते, आतषबाजी सुरू होते, नाहीतर त्याला ऐकूच येत नाही. एकदा स्पष्ट ऐकू आलं तर मालिका संपेल.

याची मुळं व्हिडिओ गेम्समध्येही आहेत. १९९४ साली कोनामी कंपनीचा 'तोकिमेकी मेमोरियल' हा खेळ आला. त्यात तुम्ही शाळकरी मुलगा, आणि वर्गातल्या मुलींशी ओळख वाढवायची. एखादीकडे फार दिवस दुर्लक्ष केलं की तिच्यावर बॉम्बचं चिन्ह येतं, आणि तो फुटला की बाकीच्या मुलींच्या मनातूनही तुम्ही उतरता. म्हणजे मत्सर हा हिशेबाने टाळायचा धोका. त्याबद्दल कुणाशी बोलायची सोयच नाही. पुढच्या खेळांत प्रत्येक नायिकेची वेगळी वाट असे, आणि 'बोकुबेन' या मांगाने, म्हणजे जपानी चित्रकथेने, तर २०२० मध्ये शेवटच केले पाच, प्रत्येक मुलीचा एक. कुठल्याच वाचकाचं मन मोडायला नको. 'लव्ह हिना' आणि अलीकडची 'गोतोबुन नो हानायोमे', पाच जुळ्या बहिणींची, यांनी मात्र शेवटी एकीशी लग्न लावून दिलं. तसं पाहिलं तर या एकपत्नी प्रेमकथाच, फक्त फार लांबलेल्या.

मला खटकतं ते असं की याच देशात हजार वर्षांपूर्वी मुरासाकी शिकिबूने हा विषय किती सखोल लिहून ठेवला आहे. तिच्या 'गेंजी' या कादंबरीत नायक गेंजी रोकुजोइन नावाचा मोठा वाडा बांधतो. चार ऋतूंचे चार भाग, प्रत्येकात एक स्त्री. वसंताचा भाग त्याच्या सर्वांत लाडक्या मुरासाकीचा (लेखिकेच्याच नावाचं हे पात्र). बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, किती देखणी व्यवस्था. पण उतारवयात गेंजी माजी सम्राटाच्या कोवळ्या मुलीशी लग्न करून तिला त्याच वाड्यात आणतो, आणि मुरासाकी आतून खचत जाते. ती कुणावर ओरडत नाही, नव्या मुलीशीही चांगलं वागते. पुन्हापुन्हा एवढंच म्हणते की मला संन्यास घेऊ दे. तो परवानगी देत नाही, आणि ती तशीच मरते. लेखिकेने आपल्याला गेंजीच्या शेजारी बसवलं नाही, पडद्यामागे जागी राहिलेल्या मुरासाकीजवळ बसवलं. हॅरेम ॲनिमेत ही जागा क्वचितच कुणाला मिळते.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. १८७० च्या कायद्यात उपपत्नीला रीतसर नातलग मानलं होतं, आणि १८८२ मध्ये लागू झालेल्या दंडसंहितेतून तिची जागा गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ताइशो सम्राटाची जन्मदाती आईही महाराणी नव्हती, उपपत्नी होती. पॉलिॲमरी याच्याहून वेगळी आहे. तिथे प्रत्येकाला सगळं माहीत असतं, प्रत्येकाला आधी विचारलेलं असतं, आणि नाही म्हणायची मोकळीक असते.

या कसोटीवर तीन मालिका तपासण्यासारख्या आहेत. 'मुशोकु तेन्सेई'तला रूडियस आधी सिल्फीशी लग्न करतो, मग लांबच्या प्रवासात रॉक्सीशी त्याचं जमतं, आणि तिला घेऊन तो घरी येतो. सिल्फी तेव्हा गरोदर. ती रॉक्सीला स्वीकारते, पण रूडियसची धाकटी बहीण नॉर्न भडकते. तिच्या मिलिस पंथात एकच बायको असते, आणि सिल्फी इतके दिवस वाट बघत होती हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. नॉर्नचा तो राग मालिकेतला सर्वांत खरा क्षण आहे. सगळं घडून गेल्यावर विचारलं, तर ते विचारणं नव्हेच.

'कानोजो मो कानोजो'तला नाओया उलटं करतो. त्याचं साकीशी जमलेलं असतं, तेवढ्यात नागिसा त्याला कोकुहाकु करते. लपूनछपून दोघींशी संबंध ठेवणं त्याला पटत नाही. तो नागिसाला घेऊन थेट साकीसमोर जातो आणि परवानगी मागतो. विनोद भडक आहे, आणि हट्टाने विनवण्या करकरून मिळवलेल्या होकाराला होकार म्हणावं का, हा प्रश्न मला सतत पडत राहिला. पण गोष्ट विचारण्यापासून सुरू होते, हे या प्रकारात मोठं पाऊल आहे.

तिसरी 'ह्याक्कानो', शंभर प्रेयसींची. माझी सर्वांत आवडती. देवाच्या चुकीमुळे रेनतारोच्या नशिबी शंभर मुली येतात, आणि ज्या मुलीचं त्याच्याशी जमणार नाही ती मरणार. ही अटच मला मान्य नाही, कारण जिवाची भीती असली की निवड उरत नाही, आणि मुलींना तर ही अट ठाऊकही नसते. शाळकरी मुलींकडे कॅमेरा ज्या नजरेने बघतो तेही मला आवडत नाही. तरीही या मालिकेत माया आहे. शिझुका नावाची मुलगी बोलू शकत नाही, पुस्तकातल्या ओळींवर बोट ठेवून बोलते. रेनतारो तिच्या आवडीची अख्खी कादंबरी फोनमध्ये टाइप करतो, म्हणजे ती ओळ निवडेल आणि फोन ती मोठ्याने वाचेल. शिवाय इथे मुली एकमेकींना जपतात, एकमेकींवर रुसतात, हाकारी आणि काराने तर एकमेकींच्याही प्रेमात आहेत. नायक खोलीत नसताना पात्रांना आयुष्य आहे. हॅरेम ॲनिमेत हे किती दुर्मिळ आहे ते पाच-सहा मालिका बघितल्यावर कळतं.

पण दोन गोष्टी 'ह्याक्कानो'लाही जमत नाहीत. रेनतारोला वेळ कधी कमी पडत नाही, तो माणसाला अशक्य अशा वेगाने धावतो आणि सगळ्यांना पुरतो. खऱ्या आयुष्यात दोन माणसांवर जीव असलेल्याची पहिली अडचण आठवड्याचे सात दिवस हीच असणार. आणि दुसरी, या शंभरांतल्या एकीलाही दुसरा मुलगा आवडत नाही. मोकळीक एकाच बाजूला. मुलांना घेरलेल्या मुलीच्याही मालिका आहेत, 'ओउरान'सारख्या, पण तिथेही मध्यभागी एकटीच.

भाचीला मी सांगितलंय, 'ह्याक्कानो' जरूर बघ. आणि मला ज्या मालिकेची वाट आहे तीही सांगितली: काराने एके दिवशी शांतपणे म्हणते की मला दुसराही एक मुलगा आवडतो, आणि रेनतारोला पूर्ण भागभर बसून ते ऐकून घ्यावं लागतं.