पुण्याच्या रेसकार्डावरून घोडा निवडताना

कोल्हापुरात आता घोड्यांच्या मोठ्या शर्यती होत नाहीत. शहरातल्याच संभाजीनगर भागाकडे जाताना लागणाऱ्या रेसकोर्स नाक्याच्या नावात तेवढी त्यांची आठवण राहिली आहे. माझे वडील नालबंद होते. शहरात टांगे होते तोवर आमच्या दारात रोज घोडे उभे असायचे, त्यामुळे घोड्याचा पाय, खूर आणि चाल हे सगळे मला लहानपणापासून ओळखीचे आहे. मात्र कागदावरचा घोडा वाचणे, म्हणजे उद्या पळणाऱ्या दहा-बारा घोड्यांपैकी कोणता पुढे येईल हे आधी लिहून ठेवणे, ही विद्या मला मुळीच येत नव्हती. पुण्याच्या पावसाळी हंगामातल्या एका रविवारच्या सात शर्यतींचा मी कोल्हापुरात बसून अभ्यास केला, शनिवारी रात्रीपर्यंत निवड कारणांसह वहीत लिहिली आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला जाऊन ती डोळ्यांनी तपासली. त्या चार दिवसांचा हा अनुभव आहे.

घरात पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आलाच, की हा जुगार नाही तर काय. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले आहे, हे मी पत्नीला सांगितले आणि त्याचबरोबर एक रुपयाही लावणार नसल्याचा शब्द दिला. मला माझी पारख तपासायची होती. पैशाचा विचार मध्ये आला असता तर वहीत कारणे तितक्या मोकळेपणाने उतरली नसती.

रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब हिवाळ्यात मुंबईच्या महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्याला शर्यती भरवतो. रेसकार्ड, म्हणजे त्या दिवशीच्या शर्यतींतले घोडे, त्यांची वजने आणि मागची कामगिरी यांचा छापील तक्ता, हाती आल्यावर मी ते गल्लीतल्या आबांकडे घेऊन गेलो, कारण उमेदीच्या काळात ते पुण्याच्या शर्यतींना नेमाने जात असत. मी घोड्यांची नावे वाचून दाखवू लागलो तेव्हा त्यांनी मला लगेच थांबवले. "आधी वजन बघ रं, नाव मागनं वाच," असे म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि वजनाच्या रकान्यावर बोट ठेवले.

वजनाचा हिशोब मला कुस्तीमुळे लवकर समजला. मैदानात जोड लावणारे वस्ताद कुस्ती एकतर्फी होऊ नये म्हणून तोलामोलाचे मल्ल समोरासमोर आणतात. हँडिकॅप शर्यतीत हेच काम वजन करते. प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून रेटिंगचा आकडा दिलेला असतो आणि रेटिंगच्या एका गुणामागे अर्धा किलो या हिशोबाने त्याच्या पाठीवरचे वजन ठरते. त्या रविवारची चौथी शर्यत चौथ्या वर्गाची, म्हणजे २० ते ४६ रेटिंगच्या घोड्यांची आणि १४०० मीटर अंतराची होती. तिच्यात ४४ रेटिंगचा घोडा ६० किलो घेऊन, तर २४ रेटिंगचा ५० किलो घेऊन पळणार होता. हे वजन म्हणजे जॉकी आणि खोगीर मिळून. कमी पडले तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालून भरतात. घोडा जिंकला की रेटिंग चढते आणि पुढच्या खेपेला ओझे वाढते, म्हणून मागच्या शर्यतीत पहिला आलेला घोडा डोळे झाकून निवडणे ही नवख्याची हमखास होणारी चूक आहे.

गुरुवारी रात्री मी दोन शर्यती बाजूला ठेवल्या. पहिली होती कधीच न जिंकलेल्या कोवळ्या घोड्यांची. त्यांपैकी चार जण आयुष्यात प्रथमच पळणार होते, आणि अशा घोड्याविषयी आई-बापांची नावे व सकाळच्या सरावाच्या वेळा यांपलीकडे कार्डात काही मिळत नाही. शेवटची शर्यत सर्वांत खालच्या वर्गातल्या चौदा घोड्यांची होती आणि एकाचीही कामगिरी दुसऱ्यांदा तशीच झालेली दिसत नव्हती. या दोन्हींपुढे मी वहीत रेघ मारली. ज्या शर्यतीत कारण लिहिता येत नाही तिथे नाव लिहायचे नाही, हा नियम मी पुढेही पाळणार आहे.

माझा खरा वेळ त्या चौथ्या शर्यतीने घेतला. तीन नंबरचा आणि आठ नंबरचा हे दोन घोडे महिन्याभरापूर्वी याच अंतरावर एकमेकांविरुद्ध पळाले होते. तेव्हा तीन नंबरच्यावर ५३ किलो आणि आठ नंबरच्यावर ५२ किलो वजन होते आणि तीन नंबरचा अवघ्या मानेच्या फरकाने जिंकला होता. त्या विजयामुळे त्याचे रेटिंग ३० वरून ३६ झाले आणि आता त्याला ५६ किलो घेऊन पळायचे होते. आठ नंबरच्याचे मात्र २८ रेटिंग आणि ५२ किलो कायम होते. मैलभराच्या शर्यतीत साधारण किलोला एक लांबी, म्हणजे घोड्याच्या अंगाएवढे अंतर, असा ठोकताळा आहे. चौदाशे मीटरला तो थोडा सैल धरला तरी तीन नंबरच्यावर वाढलेल्या तीन किलोंचा फरक दोन-अडीच लांबींचा भरतो, आणि त्यापुढे मानेचा फरक काहीच नाही. कागद स्पष्टपणे आठ नंबरच्याच्या बाजूने बोलत होता.

तरीही मी त्या जुन्या शर्यतीची चित्रफीत पाहिली. शेवटचे दोनशे मीटर मी कितीतरी वेळा मागे नेऊन पाहिले. आठ नंबरच्याचा जॉकी दोन्ही हातांनी घोड्याला रेटत होता आणि चाबूकही चालवत होता. तीन नंबरच्याचा जॉकी पोस्ट, म्हणजे शर्यत संपते तो खांब, येईपर्यंत शांत बसून होता आणि त्याने घोड्याकडे जास्त काही मागितलेच नव्हते. कोल्हापूरचा कोणताही कुस्तीशौकीन हे ओळखेल, की गुणांवर थोडक्यात मारलेली प्रत्येक कुस्ती जेमतेमच मारलेली असते असे नाही. सरावाच्या नोंदीही त्याच दिशेने होत्या. आठ नंबरच्याने सहाशे मीटर ३८ सेकंदांत घेतले होते, पण रेटल्यावर. तीन नंबरच्याने ४० सेकंद लावले होते, पण लगाम ओढलेल्या अवस्थेत. वेळेच्या आकड्यापेक्षा त्यापुढचा एक शब्द जास्त सांगतो हे मला त्या रात्री पटले. शनिवारी मी पहिल्या जागी तीन नंबरचा आणि दुसऱ्या जागी आठ नंबरचा लिहिला आणि वही मिटली.

रविवारी पहाटेची एसटी धरली. कराडच्या पुढे पाऊस लागला आणि पुण्यापर्यंत सुटलाच नाही. रेसकोर्सवर पोहोचल्यावर पेनेट्रोमीटरचा आकडा विचारला. या उपकरणाचा दांडा वजनाने जमिनीत किती रुततो ते मोजतात, आणि आकडा जितका मोठा तितकी धाव, म्हणजे पळण्याची जमीन, मऊ. त्या दिवशीचा आकडा माझ्या वहीतल्या आधीच्या सगळ्या शर्यतींपेक्षा मोठा होता. मऊ जमिनीत प्रत्येक टापेला पाय वर काढायला जास्त जोर लागतो आणि पाठीवरचे ओझे अधिक जाणवते. तीन नंबरच्याच्या सगळ्या चांगल्या शर्यती कोरड्या धावेवरच्या होत्या. ही नोंद माझ्यासमोर चार दिवस पडून होती आणि मी तिच्याकडे लक्ष दिले नव्हते.

पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे दाखवतात त्या रिंगणात, घोडे फिरवत असताना मी कठड्याला टेकून उभा राहिलो. वडील गिऱ्हाइकाचा घोडा नेहमी मागून चालत जाताना पाहायचे, तसाच मी पाहिला. आठ नंबरच्याचे मागचे खूर पुढच्या खुरांच्या ठशाच्या पलीकडे पडत होते, मान खाली आणि सैल होती, कान सईसाच्या बोलण्याकडे वळत होते. त्याच्या पायांतले ॲल्युमिनियमचे हलके नाल ओल्या गवतातही स्वच्छ दिसत होते. तीन नंबरच्याच्या मागच्या मांड्यांच्या मध्ये पांढरा फेस आला होता, लगाम जिथे मानेला घासतो तिथेही साबणासारखा फेस जमला होता, आणि सईस त्याला आवरताना दर दहा पावलांनी थांबत होता. शर्यतीआधीच त्याची ताकद खर्ची पडत होती. वहीतली निवड बदलावी असे मला फार वाटले, पण शनिवारी रात्रीनंतर खोडायचे नाही असे मी ठरवले होते. म्हणून मी खाली वेळ टाकून एवढेच लिहिले, की पॅडॉकवरून आठ नंबरचा चांगला वाटतो.

आठ नंबरचा दोन लांबींनी जिंकला. तीन नंबरचा वळणापर्यंत पुढे होता, पण सरळ धावेत पाय ओढू लागला आणि चौथा आला. बाकीच्या चार निवडींपैकी दोन बरोबर आल्या. त्यांपैकी २००० मीटरच्या शर्यतीतली निवड सोपी होती, कारण त्या अंतरावर आधी टिकून दाखवलेला घोडा एकच होता. एक निवड दुसरी आली आणि एक कुठेच आली नाही. ती का चुकली हे मला अजून सापडलेले नाही.

रात्री उशिरा घरी पोहोचलो आणि सोमवारी संध्याकाळी वही घेऊन आबांकडे गेलो. त्यांनी चौथ्या शर्यतीचे पान सावकाश वाचले आणि विचारले, "पाऊस कुठं लिवलायस ह्यात?" मी म्हणालो, "आबा, तो रकानाच केला नव्हता." त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली, पट्टी लावून वजनाच्या शेजारी एक उभी रेघ ओढली आणि वर 'जमीन' असे लिहिले. पुढच्या रविवारच्या कार्डातल्या प्रत्येक घोड्याच्या मागच्या शर्यतींची तारीख आणि त्या दिवसाचा पेनेट्रोमीटरचा आकडा त्या रकान्यात भरायचे काम मी सध्या करत आहे.